अस्थी, अग्नी आणि पाण्याची शुद्धी

भूजलातील फ्लोराईड हा पाण्याचा असा दोष आहे, की जो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि जिभेलाही जाणवत नाही. ग्रॅनाइटसारख्या जुन्या, कठीण खडकांत फ्लोराईट, ॲपेटाइट, बायोटाइट अशी फ्लोरीनयुक्त खनिजे असतात. पाणी अशा खडकांच्या भेगांत जितका जास्त काळ मुरून राहते, त्यात कॅल्शियम जितके कमी आणि सोड्याचा अंश जितका जास्त असतो, तितके फ्लोराईड त्यात अधिक उतरते, आणि त्यामुळे उथळ आडापेक्षा खोल बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी अधिक धोक्याचे ठरते. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात अशा पाण्याने हाडांना होणाऱ्या विकाराची वैद्यकीय नोंद १९३७ साली प्रसिद्ध झाली. पुढे तेलंगणातील नलगोंडा, राजस्थान व गुजरातचे कोरडे पट्टे, आणि महाराष्ट्रात दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर संपून त्याखालचे जुने खडक वर येतात त्या बाजूचे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावे या यादीत आली. अशा पाण्याने लहानपणी दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि बरीच वर्षे अधिक प्रमाणात फ्लोराईड पोटात गेले तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो, माणूस वाकतो तो पुन्हा सरळ होत नाही. हे पाणी उकळून उपयोग होत नाही, उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातले प्रमाण वाढतेच. दुपदरी फडक्यातून गाळले तरी फ्लोराईड जसेच्या तसे खाली उतरते.

पाण्याच्या शुद्धीचा विचार धर्मशास्त्राने फार प्राचीन काळापासून केलेला आहे, आणि त्याच्या कसोट्या या दोषापुढे कशा थिट्या पडतात हे पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, जमिनीवर साठलेले पाणी एका गाईची तहान भागेल इतके असेल, त्यात अमेध्य म्हणजे अपवित्र पदार्थ मिसळलेला नसेल आणि त्याचा गंध, वर्ण व रस ठीक असेल तर ते शुद्ध समजावे, असा निकष दिला आहे. त्याच्याच अलीकडे आणखी एक विधान आहे, ते असे की ज्याचा दोष दिसलेला नाही, जे पाण्याने धुतले आहे आणि ज्याला वाणीने चांगले म्हटले आहे, अशा तीन गोष्टी देवांनी शुद्ध ठरवल्या आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीच्या प्रकरणात या द्रव्यशुद्धीच्या नियमांचा, म्हणजे वस्तू आणि पदार्थ कशाने शुद्ध होतात यासंबंधीच्या नियमांचा, सविस्तर परामर्श घेतला आहे, आणि त्यावरून ध्यानात येते की हे नियम माणसाला जगणे अशक्य करून टाकण्यासाठी रचलेले नव्हते. न दिसलेल्या दोषाची जबाबदारी माणसावर टाकली तर कोणतेही अन्न तोंडात घालता येणार नाही, हे स्मृतिकार जाणून होते. अज्ञानाला क्षमा देणे ही त्या व्यवस्थेतली शहाणपणाची तरतूद होती.

शरीर मात्र अशी क्षमा देत नाही. निकषात बसणारे, गाईची तहान भागवणारे, गंधवर्णरसांनी निर्दोष असे पाणी वीस वर्षांत माणसाचा कणा ताठरवू शकते, आणि त्या गाईच्याही दातांवर व हाडांवर तोच परिणाम होतो. म्हणजे येथे दोन शुद्धी वेगळ्या होतात. एक शुद्धी संस्काराची, जिचा संबंध माणसाच्या देवाशी, पितरांशी आणि समाजाशी असलेल्या नात्याशी आहे. दुसरी देहाच्या हिताची. या दोन्ही बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतात, म्हणून त्यांच्यातला भेद सहसा जाणवत नाही. फ्लोराईडच्या बाबतीत त्या एकमेकींच्या समोरासमोर उभ्या राहतात, कारण हा दोष काढून टाकणाऱ्या स्वस्त साधनांपैकी एक अत्यंत गुणकारी साधन जनावरांच्या हाडांपासून तयार होते.

फ्लोराईड काढण्याच्या अनेक पद्धतींपैकी अधिशोषण ही सर्वांत सोपी व कमी खर्चाची मानली जाते. अधिशोषण म्हणजे एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर पाण्यातले विरघळलेले कण धरून ठेवले जाणे. स्पंज पाणी आत शोषून घेतो तसे हे नव्हे, येथे सारा व्यवहार पृष्ठभागावर चालतो, आणि म्हणून पदार्थ जितका सच्छिद्र तितके त्याचे काम अधिक. या कामासाठी बॉक्साइटपासून मिळणारा सक्रिय ॲल्युमिना, जांभा दगड, भाजलेल्या विटांचे तुकडे, वेगवेगळ्या प्रकारची माती, चिंचोके, नारळाच्या करवंटीचा कोळसा, तांदळाचा तूस, इतकेच काय तुळशीची पाने, असे कितीतरी पदार्थ संशोधकांनी तपासून पाहिले आहेत. त्यांत अस्थिकोळसा, म्हणजे मर्यादित हवेत भाजलेल्या हाडांचा काळा, दाणेदार चुरा, फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साखर कारखानदारीत रस पांढरा करण्यासाठी युरोपात तो एकोणिसाव्या शतकापासून वापरला गेला. टांझानियात अरुषाजवळच्या न्गुर्दोतो येथील संशोधन केंद्राने आणि केनियात नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या पाणी कार्यक्रमाने त्याचे घरगुती आणि सार्वजनिक गाळणयंत्र बनवून ते प्रत्यक्ष वापरात आणले, कारण पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतील ज्वालामुखीय खडकांमुळे तिथल्या भूजलात फ्लोराईड फार आहे, हाडे मुबलक आहेत आणि भट्टी गावातच लावता येते.

भारतात मात्र अस्थिकोळशाने मूळ धरले नाही. येथे नागपूरच्या संस्थेने, जी १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरणारी ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. शिवाय सक्रिय ॲल्युमिनाच्या घरगुती गाळण्या काही राज्यांत वाटल्या गेल्या. हाडांना नकार मिळण्याची कारणे तांत्रिक फारशी नाहीत. ज्या घरात मांसाहार वर्ज्य आहे त्या घरात, आणि ज्या घरात मांसाहार चालतो पण गाय पूज्य आहे किंवा डुक्कर निषिद्ध आहे त्याही घरात, ‘हाडांतून गाळलेले पाणी’ हे शब्द उच्चारताच चर्चा संपते.

या नकाराला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. अन्नपाण्यात हाडे मिसळल्याचा संशय भारतीय समाजाच्या स्मृतीत खोल रुतलेला आहे. १८५७ च्या उठावापूर्वी काडतुसांच्या चरबीइतकीच बाजारात विकल्या जाणाऱ्या पिठात हाडांचा चुरा मिसळल्याची आवई उत्तर हिंदुस्थानात पसरली होती आणि लोकांनी स्वस्त पीठही घ्यायचे नाकारले होते. ती आवई खोटी असली तरी तिच्यामागची भीती खरी होती, ती अशी की परक्या सत्तेला आपल्या पोटात काय जाते ते आपल्या नकळत ठरवता येते. त्यानंतरच्या दशकांत शहरांतून नळ आले तेव्हा तोटीतल्या चामड्याच्या वायसरवरून सोवळ्याओवळ्याचा वाद झाला, आणि तो वाद शास्त्रार्थाने मिटला त्यापेक्षा सवयीने अधिक मिटला. यावरून सवय झाली की हाडांचेही तसेच होईल असे कोणी म्हणेल. पण वायसर बाजूला बसलेला असतो, आणि येथे सगळे पाणी हाडाच्या कणाकणाला स्पर्श करून जाते, कारण त्या स्पर्शावाचून काम होतच नाही.

प्रश्न मग असा उरतो, की हाडाचा स्पर्श नेमका कोणत्या अर्थाने दोष निर्माण करतो. मनुस्मृतीत माणसाच्या हाडाला स्पर्श झाल्यास करावयाच्या शुद्धीचा जो नियम आहे, त्यात स्निग्ध म्हणजे चरबी चिकटलेले हाड आणि कोरडे हाड असा स्पष्ट भेद आहे: पहिल्यासाठी स्नान, दुसऱ्यासाठी नुसते आचमन, आणि गाईला स्पर्श किंवा सूर्यदर्शन पुरे. शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत यांच्या वस्तू कशाने स्वच्छ कराव्यात याचाही स्वतंत्र नियम तेथेच आहे, याचा अर्थ हाडाची वस्तू घरात असणे हेच मुळी निषिद्ध नव्हते. गंमत अशी की इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेतही जवळपास हाच भेद सापडतो. मेलेल्या जनावराचे, डुक्कर वगळता, हाड चरबीपासून मोकळे असेल तर ते नापाक नाही, कारण हाडात जीव वसत नाही, असे ती परंपरा मानते, तर शाफई परंपरा हे मान्य करत नाही. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन शास्त्रपरंपरांनी हाडाचा दोष त्याच्या कठीण भागात न ठेवता त्याला चिकटलेल्या ओल्या, नासणाऱ्या अंशात ठेवावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

आचारात तर हाडाला याहूनही अधिक प्रवेश मिळालेला आहे. पूजेत शंखातले पाणी तीर्थ म्हणून शिंपडले जाते, आणि शंख हे एका प्राण्याचे कवच आहे. आजीच्या बटव्यातले साबरशिंग उगाळून मुलांच्या छातीला लावले जाई, आणि आयुर्वेदातील शृंगभस्म तर त्याच शिंगाचे भाजून केलेले, पोटात घ्यायचे औषध आहे; सांबराचे शिंग हे खरोखरचे हाड असते, गाईम्हशीच्या शिंगासारखे नुसते आवरण नसते. नाशिकला रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात लोक आप्तांच्या अस्थी सोडतात, तिथेच स्नान करतात आणि तिथलेच गोदावरीचे पाणी श्रद्धेने तोंडात घेतात. शेतात हाडाचे खत पडते, आणि डॉक्टरने दिलेल्या कॅप्सूलचे कवच ज्या जिलेटिनचे असते ते बहुधा जनावरांच्या हाडांपासून किंवा कातड्यापासून काढलेले असते. या सर्व उदाहरणांचा हवाला देऊन आक्षेप घेणाऱ्याला दांभिक ठरवता येईल. पण त्यात न्याय होणार नाही. शंखाला आणि रामकुंडातल्या अस्थींना मंत्र, विधी आणि नाते यांनी जी जागा मिळाली आहे, ती भट्टीतून आलेल्या अनाम हाडांच्या गोणीला नाही. संस्काराची शुद्धी पदार्थाच्या घटकांवर ठरत नसून त्याच्या इतिहासावर आणि उद्देशावर ठरते. चुना आणि फॉस्फोरिक आम्लापासून प्रयोगशाळेत तयार केलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे हाडाचे मुख्य खनिज, रासायनिकदृष्ट्या तेच असूनही त्याला कोणताही शाकाहारी माणूस हरकत घेणार नाही, यातच हे दिसून येते.

आक्षेपावर दिले जाणारे नेहमीचे उत्तर अग्नीचे आहे. अग्नी सर्व काही पवित्र करतो, भाजल्यावर हाड हे हाड राहत नाही, त्याचा कोळसा होतो, आणि कोळशाला कसली जात? हनफी धर्मशास्त्रात या विचाराला ‘इस्तिहाला’ म्हणतात: वस्तूचे स्वरूप पूर्णपणे पालटले तर तिचा पूर्वीचा हुकूम तिला लागू होत नाही, दारूचा शिरका होणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. भारतीय दर्शनांत हाच प्रश्न मातीच्या घड्याच्या निमित्ताने फार बारकाईने चर्चिला गेला आहे. कच्चा काळा घडा आव्यात भाजून लाल होतो तेव्हा नेमके काय घडते? वैशेषिकांचे मत असे, की अग्नीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत विस्कटतो, प्रत्येक परमाणूचा रंग बदलतो आणि मग त्यांपासून नवा घडा उभा राहतो; परमाणूला ‘पीलु’ म्हणत असल्याने या मताला पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिकांना हे पटत नाही. आव्यातल्या घड्यावर ठेवलेले दुसरे भांडे पडत नाही, घड्याचा आकार तोच राहतो, तेव्हा घडा मोडत नाही, अग्नी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून संपूर्ण घड्याचा रंग जागच्या जागी पालटतो, असे ते म्हणतात. ‘पिठर’ म्हणजे भांडे, म्हणून हा पिठरपाकवाद. पहिल्या मताप्रमाणे भाजलेले हाड ही नवी वस्तू, दुसऱ्या मताप्रमाणे ते तेच हाड, फक्त गुण बदललेले.

अस्थिकोळशाच्या बाबतीत हा वाद निव्वळ पांडित्याचा राहत नाही, कारण त्याचे उत्तर भट्टीत मिळते. हाडात दोन भाग गुंफलेले असतात, एक सेंद्रिय, म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन आणि चरबी, आणि दुसरा खनिज, म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सिॲपेटाइट. सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला, हवा अपुरी ठेवून भाजले तर सेंद्रिय भाग जळून त्याचा थोडासा कार्बन मागे राहतो आणि खनिजाचा सच्छिद्र सांगाडा टिकून राहतो. भाजणी कमी झाली तर पाण्याला रंग, वास आणि चव येते, आणि अशा पाण्याबद्दल किळस वाटायला धर्माची गरज पडत नाही. भाजणी फार झाली तर खनिजाचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग आक्रसतो आणि फ्लोराईड धरण्याची शक्ती घटते. म्हणजे स्मृतिकारांनी ज्याला दोष मानले तो स्निग्ध भाग अग्नीने निःसंशय नाहीसा होतो. पण जो भाग उरतो तो हाडाचाच असतो, आणि हाडाचाच असतो म्हणून कामाला येतो. त्या खनिजातील हायड्रॉक्सिल आयन आणि फ्लोराईड आयन यांचा विद्युत्‌भार सारखा आणि आकार जवळजवळ सारखा असल्याने पहिल्याची जागा दुसरा सहज घेतो. अस्थिकोळशाची सारी करामत या अदलाबदलीत आहे.

यामुळे ‘ते आता हाड राहिलेच नाही’ हा युक्तिवाद, कितीही सोयीचा असला तरी, टिकत नाही. ज्या प्रमाणात तो खरा ठरेल त्या प्रमाणात गाळणी निकामी होईल. नैयायिकांचा पक्ष येथे भक्कम आहे, आणि आक्षेप घेणाऱ्या गृहिणीचा अंदाजही: भट्टीतून आलेली वस्तू हाडच आहे. त्या गृहिणीला वळवण्यासाठी दुसरे काहीतरी सांगावे लागेल, आणि ते सांगण्यासारखे आहे.

फ्लोराईड पाण्यातून शरीरात गेल्यावर त्याचे काय होते? शोषल्या गेलेल्या फ्लोराईडपैकी निरोगी प्रौढ माणसात साधारण निम्मा भाग आणि वाढत्या मुलांत त्याहून बराच अधिक भाग शरीरात राहतो, आणि शरीरात असलेल्या एकूण फ्लोराईडपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत असते. तिथे घडते ते नेमके तेच, जे अस्थिकोळशाच्या डब्यात घडते. त्याच खनिजात, त्याच हायड्रॉक्सिलच्या जागी, तोच आयन जाऊन बसतो. दूषित पाणी पिणाऱ्या माणसाचा सांगाडा हा आयुष्यभर चालणारा, बदलता न येणारा अधिशोषक असतो; अस्थिविकार हे त्या गाळणीच्या भरून जाण्याचे नाव आहे. तेव्हा अशा गावात पाणी हाडांतून गाळावे की गाळू नये, असा विकल्प प्रत्यक्षात उपलब्धच नसतो. पाणी हाडांतून गाळले जातेच. मेलेल्या जनावराच्या हाडांतून, की जिवंत मुलाच्या, एवढेच ठरवायचे असते, आणि काहीच न ठरवणे हा दुसऱ्या पर्यायाला दिलेला कौल असतो.

अहिंसेच्या दृष्टीने पाहिले तरी हा विचार दुर्लक्षिता येत नाही. अहिंसा म्हणजे नुसते आपल्या हाताला रक्त न लागणे असे कोणी मानत असेल तर प्रश्न लगेच सुटतो. परंतु जैन आचारात पाणी गाळण्याला जे स्थान आहे, त्यामागचा विचार याहून खोल आहे. तिथे पाणी गाळायचे ते पिणाऱ्याच्या आरोग्याकरिता नव्हे, तर पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या रक्षणाकरिता, आणि गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव, ज्याला ‘जीवाणी’ म्हणतात, ते ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे. त्या आचारात गाळणीची जबाबदारी गाळून झाल्यावर संपत नाही. इतका काटेकोर विचार करणाऱ्या परंपरेला अस्थिकोळसा मान्य होणार नाही हे उघड आहे, पण दोष अनवधानाने दुसऱ्याच्या शरीरात साठू देणे हेही तिला सहजासहजी मान्य होऊ नये.

येथे आपद्धर्माची आठवण होते. आपद्धर्म म्हणजे संकटकाळी नेहमीचे नियम शिथिल करणारा धर्म, आणि तो कुठे सुरू होतो व कुठे थांबतो याचे सर्वांत नेमके उदाहरण छांदोग्य उपनिषदात आहे. कुरुदेशात पीक बुडाल्यावर उपाशी भटकणाऱ्या उषस्ति चाक्रायणाने हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाकडून त्याचे उष्टे कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, मागून खाल्ले. त्याच माणसाने उष्टे पाणी पुढे केले तेव्हा मात्र त्याने ते नाकारले. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, की ते धान्य खाल्ले नसते तर तो जगला नसता, पण पाणी त्याला हवे तिथे मिळण्यासारखे होते. म्हणजे दुसरा मार्ग उपलब्ध आहे की नाही, यावर आपत्ती ठरते, आणि ती ठरवताना एकाच जेवणातल्या दोन पदार्थांनाही वेगळा निकाल लागू शकतो. योगायोगाने भारतीय मानक ब्यूरोचा पिण्याच्या पाण्याचा निकषही याच धर्तीचा आहे: फ्लोराईडची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याजोगी मर्यादा १.५ मिलिग्रॅम. आधुनिक प्रशासनाच्या कागदात आपद्धर्म असा आकड्यांच्या वेषात वावरतो.

उषस्तीची कसोटी लावली तर भारतातल्या बहुतेक ठिकाणी अस्थिकोळशाची आपत्ती अजून सिद्ध झालेली नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. सक्रिय ॲल्युमिना आहे, तुरटी आहे, दूरच्या धरणातून नळाने येणारे पृष्ठजल आहे, पावसाचे पाणी साठवण्याची टाकी आहे. श्रीलंकेत भाजलेल्या विटांच्या तुकड्यांच्या घरगुती गाळण्या वापरात आल्या, त्यात कुणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही. पण विकल्प नुसता कागदावर असून भागत नाही. ॲल्युमिना चांगले काम करतो ते पाणी किंचित आम्लधर्मी असेल तेव्हा, आणि फ्लोराईडयुक्त भूजल बहुधा अल्कधर्मी असते. शिवाय त्याची शक्ती संपली की दाहक सोडा आणि आम्ल यांनी त्याला पुन्हा धुवावे लागते, जे गावात वेळेवर होत नाही. तुरटीच्या पद्धतीत फ्लोराईड जितके जास्त तितकी तुरटी जास्त, पाण्यात सल्फेट आणि थोडे ॲल्युमिनियम मागे राहण्याची शक्यता, आणि रोज गाळाचा एक ढीग. विटेची क्षमता तुटपुंजी. तुळशीच्या पानांविषयी जो उत्साह दाखवला जातो त्यात रसायनापेक्षा भक्तीचा वाटा मोठा आहे. पवित्र वस्तू उपयोगीही असलीच पाहिजे, अशी जी ओढ त्यामागे असते ती अपवित्र वस्तू निरुपयोगीच असणार या समजुतीचीच दुसरी बाजू होय. ज्या वाडीत ॲल्युमिना संपल्यावर कोणी फिरकत नाही, तुरटीचा डोस मोजणारा माणूस नाही आणि नळाची योजना अजून आलेली नाही, तिथे मात्र उषस्तीसमोरचे धान्य आणि अस्थिकोळसा यांत फारसे अंतर उरत नाही.

तरीही तो निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न राहतोच. लोकांना न सांगता टाकीत अस्थिकोळसा भरावा, न दिसलेला दोष हा दोष नव्हे असे स्मृतीच म्हणते, असा चलाख सल्ला एखादा देऊ शकेल. स्मृतीतली ती तरतूद अजाणतेपणाला दिलेली क्षमा आहे, फसवणुकीला दिलेला परवाना नव्हे. आणि ज्या समाजात पिठातल्या हाडांच्या अफवेने आग भडकली तिथे लपवाछपवीची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. सार्वजनिक टाकीला घरगुती गाळणीहून वेगळा न्याय लावावा लागतो तो याच कारणाने. घरातल्या डब्यात काय आहे हे घरच्या माणसाला ठाऊक असते, ते नको असल्यास तो बदलू शकतो. टाकीचे पाणी ज्याला नको त्याला दुसरीकडे जायला वाट नसते.

या विवेचनात एका बाजूचा उल्लेख सहसा होत नाही. मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे, हाडे गोळा करणे ही कामे शतकानुशतके ज्यांच्यावर लादली गेली त्यांनाच पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. महाडच्या चवदार तळ्यावर मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी प्याल्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ केले, तेव्हा त्या पाण्यात रसायनदृष्ट्या काही भर पडली असेल तर ती त्या शुद्धीकरणानेच पडली. पदार्थाविषयीचा विटाळ आणि माणसाविषयीचा विटाळ एकाच मुळातून वाढलेले आहेत, म्हणून हाडाला नाकारताना हाड हाताळणाऱ्याला नाकारण्याची सवय पुन्हा जागी होत नाही ना, हे तपासणे आक्षेप घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. त्याचबरोबर हाडाविषयीची प्रत्येक अनिच्छा जातीच्या अहंकारातून येते असे म्हणणेही खरे नाही. प्राण्याच्या मरणाविषयीची जी हळहळ एखाद्या जैन किंवा वारकरी घरात असते ती स्वतंत्र आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. मरण पावलेल्या जनावराचे हाड आणि कत्तलखान्यातले हाड यांत भेद करण्याची मागणी अशा घरातून आली तर ती वाजवी आहे, आणि हाडांच्या व्यापारात तो भेद पाळून त्याची खात्री देणे हे काम गाळणी बनवणाऱ्याचे आहे.

शेवटी वापरून झालेल्या कोळशाचा प्रश्न उरतो. काही महिन्यांनी त्याची धरण्याची शक्ती संपते. दाहक सोड्याने धुऊन तो काही वेळा पुन्हा वापरता येतो, पण मग सुटलेले फ्लोराईड त्या धुवणात उतरते आणि ते कुठेतरी टाकावे लागते. ॲल्युमिनाच्या धुवणाचे आणि तुरटीच्या गाळाचेही असेच आहे. गावाबाहेरच्या नाल्यात हे धुवण किंवा गाळ ओतला की त्यातले फ्लोराईड पावसाबरोबर पुन्हा जमिनीत मुरण्याचा धोका राहतो. ज्या विहिरीतून आले तिथेच परत, हा जीवाणीचा नियम येथे जसाच्या तसा लावला तर अनर्थ होईल, कारण तिथे परत करायचे होते ते जीव होते आणि येथे विष आहे. पण गाळून उरलेल्याची जबाबदारी गाळणाऱ्याचीच, हा त्या नियमातला अर्धा भाग मात्र लागू पडतो. आणि फ्लोराईड काढण्याच्या सरकारी योजनांच्या अंदाजपत्रकांत गाळणीच्या किमतीसाठी जेवढी जागा असते, तेवढी या उरलेल्या अर्ध्या भागासाठी क्वचितच असते.